आतोबांचं पान्हा चूर्ण

आमच्या आतोबांइतका निराश माणूस मी आयुष्यात पाहिला नाही आणि त्यांच्याइतका उद्योगी माणूसही पाहिला नाही. पंचाईत अशी, की हे दोघंही एकाच धोतरात राहत असत. सकाळी उठून "आता या मुलखात गाय म्हणून काही शिल्लक राहत नाही" असं जाहीर करायचं आणि लगेच त्याच गाईसाठी खलबत्ता पुढं ओढायचा, हा त्यांचा नेम. बाकीची माणसं आशेवर जगतात म्हणे. आतोबांना आशेची गरज कधी भासली नाही, निराशेवर त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. चारा संपणार, दूध पातळ होणार, मुशी नदीत पाण्याऐवजी साबणाचा फेस वाहणार, हे सगळं ते अशा शांत आवाजात सांगत, की काचीगुडा स्टेशनवर कुणी गाड्यांच्या वेळा सांगतंय असं वाटावं. आणि सांगता सांगता हात चालूच. कुटणं, चाळणं, वस्त्रगाळ करणं. जग बुडणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, पण ते बुडेपर्यंत जनावरांना अपचन का व्हावं, असा त्यांचा सवाल होता.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले आणि अफझलगंजला काष्ठौषधींचं दुकान टाकून बसले. दुकान इतकं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत शिरलं की दुकानदाराला बाहेर यावं लागतं, असं आत्या म्हणायची. आजोबांनी आणि वडिलांनी तिथं बसून माणसांना हिरडा-बेहडा विकला. आतोबांना मात्र माणसांत रस नव्हता. "माणूस खोटं बोलतो," ते म्हणत. "पोट साफ आहे का विचारलं की हौ म्हणतो. गाय पो टाकून मोकळी होते. तिथं वादाला जागा नाही." म्हणून दुकान हाती आल्यावर त्यांनी हळूहळू माणसांची औषधं मागच्या फळीवर सारली आणि पुढं मांडलं ते स्वतःचं 'पान्हा चूर्ण'. दुभत्या जनावरांच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुशात, मूठभर कालवायचं, जनावराची भूक सुधारते, चित्त शांत होतं, आणि ते आपणहून पान्हा सोडतं. शतावरी, जिवंती, मेथी, बाळंतशेप, सुंठ, ओवा आणि आणखी काही मुळ्या, ज्यांची नावं ते कुणीही न विचारता सांगत.

मी पुण्याहून हैदराबादेत आलो तेव्हा देश नुकताच खुला झाला होता. जो तो काहीतरी परदेशी विकत होता, मी रंगीत टीव्ही विकत होतो. जागा मिळेपर्यंत म्हणून काचीगुड्याला आत्याकडे उतरलो आणि लग्न होईपर्यंत तिथंच राहिलो. घरात पाऊल टाकलं तोच ओव्या-मेथीच्या उग्र वासानं नाक चुरचुरलं. आतोबांनी माझी बॅग घेतली नाही, कुणाची खुशाली विचारली नाही. जवळ येऊन अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले, "पाणी बदललं की जनावर चारा कमी खातं. या पुणेकराला चार दिवस नुसतं ताक दे." तेव्हापासून मी त्यांचा पुणेकर झालो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

चूर्णाचा प्रत्येक घाणा ते आधी स्वतः खाऊन बघत. चिमूटभर नव्हे, मूठभर. पाटावर बसून, डोळे मिटून, जबडा डावीकडून उजवीकडे फिरवत बराच वेळ चघळत राहत. अशा वेळी घरात कुणी बोलायचं नाही. आत्या पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघून म्हणायची, "लग्न ठरवताना सांगितलं होतं, मुलाचं स्वतःचं दुकान आहे. मुलगा रवंथ करतो, हे कुणीच बोललं नव्हतं." आतोबांना ऐकू जायचं, पण घाणा चाखताना ते उत्तर देत नसत. गाय कधी तोंडात घास असताना बोलते का?

माझ्या साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही तिघं सुलतान बाजारात गेलो होतो. भर गर्दीत, दोन सिटी बसच्या मध्ये, एक पांढरी गाय उभी होती. आतोबा थबकले. तिच्या शेणाकडे पाहिलं, पोटाच्या डाव्या खळगीत बोटं दाबली, कान लावून ऐकलं, आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." आम्ही साडी घेतली, खण घेतला, बांगड्या घेतल्या, वर उसाचा रस प्यालो. परत आलो तर गाय तिथंच, आतोबा तिथंच, आणि त्यांच्याभोवती एक कापडवाला, एक रिक्षावाला आणि एक वाहतूक पोलीस गंभीर चेहऱ्यानं उभे. आतोबा त्यांना सांगत होते, "हिच्या पोटात भाजी नाही, भाजीची पिशवी आहे. संपलं. आता ही उपाशी मरणार, आणि मरताना हिचं पोट भरलेलं असणार." पोलिसानं टोपी काढून कपाळ पुसलं. मागं बसचे भोंगे केकाटत होते. आत्यानं तेवढ्यात पुडकं सोडून साडी पुढं केली, म्हणजे निदान विषय तरी बदलेल. आतोबांनी काठ निरखले आणि म्हणाले, "रंग छान आहे. ओल्या कडब्याचा."

माझी बायको बाळंत झाली तेव्हा तिला दूध कमी होतं. बातमी काचीगुड्याला पोचली आणि आतोबा भर दुपारी डबा घेऊन दारात हजर. डब्यावरचं गाईचं चित्र त्यांनी आमच्याच नळाखाली नखानं खरवडून काढलं, तेवढी रीतभात त्यांना होती. मग बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून पडद्याआड बघत विचारलं, "सूनबाई, चारा कसा चाललाय?" बायको हसली, इतकी हसली की टाके दुखतात म्हणून रडायला लागली, आणि हसून-रडून झाल्यावर शांत झोपली. संध्याकाळी बाळ पोटभर प्यालं. शतावरी तोवर डब्यातच होती. आतोबांनी हे चूर्णाच्या खात्यावर मांडून टाकलं. आम्हीही हरकत घेतली नाही.

त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे नारायणगुड्याकडचा एक तबेलेवाला. सगळे त्याला पैलवान म्हणत. म्हशी भरपूर, गाई थोड्या, आणि दिवाळीनंतर सदर नावाच्या सणाच्या मिरवणुकीत नाचवायला एक अक्राळविक्राळ रेडा, ज्याच्या शिंगांना तो मोरपिसं बांधायचा. आतोबांना तो पंतुलू, म्हणजे गुरुजी, म्हणे. आतोबा चूर्ण कधीही नोकराबरोबर पाठवत नसत. सकाळच्या धारेच्या वेळी स्वतः पिशवी घेऊन जात, आंबोणात स्वतः कालवत, आणि प्रत्येक जनावराजवळ थोडा थोडा वेळ बसत. बसून काय करत, तर जगाचं वाटोळं कसं होतंय ते त्याला सांगत. जनावरं कान हलवत ऐकत. माणसांनी त्यांचं बोलणं इतक्या सबुरीनं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

मी पडलो विक्रीतला माणूस. मला वाटलं, इतका चांगला माल, तर तो नीट पाकिटात घालून, चार ओळी छापून विकला पाहिजे. आतोबा आढेवेढे घेऊन तयार झाले, पण मजकूर मीच सांगणार म्हणाले. तो तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत छापला गेला. मराठी असा होता: 'या चूर्णाने दूध किती वाढेल हे सांगता येत नाही. ते जनावरास विचारावे. गुण आल्यास जनावराचे उपकार मानावेत. न आल्यास काळ वाईट आहे असे समजावे.' मी हात जोडले. म्हटलं, "आतोबा, असं वाचून कोण घेईल?" ते म्हणाले, "ज्याला जनावर कळतं तो घेईल. बाकीच्यांना विकून करायचंय काय?" छापणाऱ्यानं पैसे घेतले आणि मला बाजूला नेऊन विचारलं, "साब, ये बेचने का है या डराने का?"

तरीही ती पाकिटं थोडीफार फिरली. कुठल्याशा शेतकी प्रदर्शनात एक पाकीट एका कंपनीच्या मॅनेजरच्या हाती लागलं. मुंबईची कंपनी होती, तोवर माणसांची टॉनिकं विकायची. आता 'हर्बल' या शब्दाला भाव आला होता, तेव्हा जनावरांकडे वळली होती. एका दुपारी तो मॅनेजर टाय लावून, घामानं भिजून, वही घेतलेल्या मदतनिसासह काचीगुड्याच्या घरी आला. आतोबांनी त्याला चूर्ण घातलेलं ताक दिलं. तो बिचारा प्याला. मग त्यानं फक्त एवढंच विचारलं, "साधारण घटक कोणते आहेत यात?" साधारण हा शब्द आतोबांच्या कोशात नव्हता. ते सांगू लागले. शतावरी कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाची घ्यायची, पाऊस संपल्यावर किती थांबून उकरायची, सावलीत वाळवायची तर वारा कुठून यायला हवा, सुंठ आधी का नंतर, सगळं. मदतनीस लिहीत होता. आत्या आतून खोकली. मग तिनं पातेलं आपटलं. मग परात पाडली. शेवटी दारात येऊन म्हणाली, "अहो, जरा आत येता का?"

"थांब गं," आतोबा म्हणाले, "जिवंती राहिली."

मॅनेजर "कळवतो" म्हणून गेला आणि त्यानं खरोखरच कळवलं, पण आम्हाला नाही, सगळ्या बाजाराला. काही महिन्यांनी अफझलगंजच्या दुकानांत चकचकीत पाकिटं लटकू लागली. वर बर्फाच्या डोंगरापुढं उभी असलेली एक गुबगुबीत परदेशी गाय, मागं घटकांची यादी, आतोबांनी सांगितलेल्याच क्रमानं. मी ते पाकीट घेऊन घरी आलो आणि मागची यादी मोठ्यानं वाचून दाखवली. आत्यानं पदर तोंडाला लावला. आतोबांनी पाकीट फोडलं, पाटावर बसले, डोळे मिटले, आणि मूठभर तोंडात टाकून चघळायला लागले. आम्ही दोघं उभे. बऱ्याच वेळानं त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "आतोबा, आपण वकील गाठू."

"वकील काय करणार रे?" ते म्हणाले. "शतावरी नाही यात. लिहिलीये, पण नाही. कसलीतरी भुकटी आहे, लाकडाची असावी."

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत शतावरीच्या मुळ्या घेऊन त्या कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेले. मीही मागोमाग गेलो, काही भलतंसलतं होऊ नये म्हणून. टेबलामागच्या मुलीपुढं त्यांनी मुळ्या पसरल्या. "चोरलंत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, बेटा," ते हिंदीत म्हणाले, "पण नीट चोरा की. मुक्या जनावराच्या पोटात जाणार आहे." त्या मुलीला वाटलं, म्हातारा मुळ्या विकायला आलाय. तिनं अदबीनं सांगितलं की विक्रेत्यांना मंगळवारी भेटतात. मंगळवारी ते पुन्हा निघाले, तेव्हा आत्यानं त्यांच्या चपला लपवल्या. ते अनवाणी गेले. परत आले ते पाय भाजून. आत्यानं खोबरेल चोळताना विचारलं, "भेटले का कुणी?" म्हणाले, "भेटले. चहा दिला. मुळ्या ठेवून घेतल्या. खिडकीत, शोभेला."

त्यानंतर दुकान हळूहळू ओसरत गेलं. स्वस्त पाकीट मिळत असताना इतकं खरं बोलणारं पाकीट कोण घेणार? पण आतोबांना खरा धक्का पाकिटांनी दिला नाही, तो दिला सुईनं. एका सकाळी ते बऱ्याच दिवसांनी तबेल्यात पोचले तर धार काढायच्या आधी गडी एकेका जनावराला इंजेक्शन टोचत चालला होता. टोचलं की थोड्याच वेळात जनावर पान्हा सोडतं, त्याला हवं असो वा नसो. वासरू मेलेलं असो, अंगात ताप असो, दूध खाली येतंच. आतोबा पैलवानापुढं जाऊन उभे राहिले. पैलवान वाईट माणूस नव्हता. त्यानं खाट पुसून त्यांना बसवलं.

"पंतुलू," तो म्हणाला, "तुम्हारा पाउडर अच्छाइच है, नै बोलके नै बोलरौं मैं. मगर वो आराम से काम करता. मेरा गिराक आराम से नै आता. पाकिट का दूध सुबे पाँच बजे दरवाजे पे आ जारा. मैं क्या करूँ बोलो?"

गोठ्याच्या टोकाला एक तांबडी गाय बांधलेली होती. तिचं वासरू गेलं होतं. रोज सुया टोचून टोचून आता तिला सुईही लागू पडेनाशी झाली होती. गडी जवळ आला की ती डोळे फिरवून थरथरायची. पैलवान तिला 'एर्री' म्हणायचा, म्हणजे तेलुगूत वेडी. तिला तो विकणार होता, आणि अशी गाय कोण विकत घेतं आणि कशासाठी, हे आतोबांना माहीत होतं.

"हिला माझ्या हवाली कर," आतोबा म्हणाले. "सुई बंद. मी चूर्ण देतो. पान्हा सोडला तर तू हिला विकायचं नाही."

"कब तक?"

"सदरपर्यंत."

पैलवानानं मान हलवली. कदाचित म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणूनच.

मग आतोबा रोज जायला लागले. मी कामाला निघताना स्कूटरवरून त्यांना तबेल्यात सोडायचो, कधी थांबायचो. पहिले काही दिवस ती त्यांना जवळ येऊ देईना. ते लांब विटेवर बसून राहत. पुढं आंबोणाचं घमेलं ठेवत आणि आपली नेहमीची वार्ता सुरू करत, की गवत संपलं, कुरणांवर कॉलन्या झाल्या, माणसाची जात वाया गेली. हळूहळू वीट पुढं सरकली. एके दिवशी तिनं त्यांच्या खांद्यावर मान टाकली आणि गड्यानं कासेला हात लावला, तशी धार लागली. थोडीच होती, पण होती. गडी ओरडलाच. पैलवान दात घासता घासता धावत आला. आतोबांनी डोळे मिटले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जगाबद्दल काहीही वाईट सांगितलं नाही. आत्यानं त्यांचं अंग तापलंय का पाहिलं.

आणि गंमत अशी, की दोन-चार दिवसांनी अंग खरंच तापलं. उठवेना. त्यांनी चूर्ण मोजून माझ्याजवळ दिलं. मी जाऊन अगदी त्यांच्यासारखं कालवलं. एर्रीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं आणि दुधाचा एक थेंब दिला नाही. पुढचे दोन दिवसही तेच. मी येऊन सांगितलं. मला वाटलं, आतोबा म्हणतील, कालवताना काहीतरी चुकलं असेल. ते नुसते छताकडे बघत राहिले.

बरे झाल्यावर ते तबेल्यात निघाले, तेव्हा हातात पिशवी नव्हती. मी आठवण केली. "असू दे," म्हणाले. ते नुसते जाऊन विटेवर बसले. एर्रीनं मान त्यांच्या खांद्यावर टाकली आणि पान्हा सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या हातानं गेले, पुन्हा तेच झालं. मग चूर्ण पाठवलं आणि स्वतः गेले नाहीत. बादली कोरडी. हा खेळ त्यांनी बरेच दिवस स्वतःशीच चालवला. दुसरा कुणी असता तर एवढं कशाला करून पाहिलं असतं? गाय दूध देतेय, पैलवान खूश आहे, चूर्णाचा जयजयकार करून मोकळा झाला असता. पण ज्या माणसानं आपल्या पाकिटावर तसला मजकूर छापला, त्याच्याकडून हे होणं शक्य नव्हतं.

पैलवानही हे सगळं बघत होता. शेवटी एका सकाळी तो आतोबांच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "पंतुलू, बुरा नक्को मानो. पाउडर में कुछ नै है. दवा तुम हो. अब तुमकू पाकिट में कैसा भरना?" तो कौतुकानं म्हणाला होता. मीही हसलो. आतोबा हसले नाहीत.

घरी आल्यावर ते चपला न काढताच ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. "चूर्णाचा काही संबंध नाही," ते आत्याला म्हणाले.

आत्याच्या हातात सुरी होती. ती थांबली. "म्हणजे? आणि इतकी वर्षं ज्यांच्या गोठ्यात गुण आला ते?"

"तिथं मीच घेऊन जात होतो. बसत होतो."

"आणि दुकानातून जे न्यायचे?"

"ते परत कुठं आले?" आतोबा म्हणाले. मग म्हणाले, "त्या कंपनीनं शतावरी घातली नाही ते बरोबरच केलं की. उगाच बिचाऱ्यांना बोललो."

आत्या आयुष्यभर त्या चूर्णाला नावं ठेवत आली होती. तिच्या साड्यांना, गाद्यांना, लोणच्यालासुद्धा त्याचा वास लागला होता. आता ती तावातावानं त्याची बाजू घेऊ लागली. भूक तर वाढते ना, म्हणाली. अंगावर तकाकी येते ना? सूनबाईला दूध आलं ते काय उगाच? आतोबा ऐकत होते. शेवटी त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून खाली ठेवली, बोट कापेल म्हणून. त्यानंतर त्या घरात खलबत्त्याचा आवाज झाला नाही. पुढं दुकानाची जागा एका झेरॉक्सवाल्यानं घेतली. जागा अरुंद होती, पण त्याचं यंत्र बरोबर मावलं.

पैलवानानं मात्र शब्द पाळला. सदर होऊन गेला तरी एर्री विकली गेली नाही. आतोबा रिकाम्या हातानं रोज जात राहिले. त्यांना तेवढं एक ठिकाण उरलं होतं. पण शहर चारी बाजूंनी फुगत चाललं होतं. तबेले गावाबाहेर न्या, असा तगादा सुरू झाला. पैलवानाच्या मुलांना शेणात हात घालायचा नव्हता आणि जागेला बिल्डर मिळाला होता. जनावरं लांबच्या खेड्यात पैलवानाच्या मेव्हण्याकडे जायची ठरली. एर्रीला आपल्याकडे आणता येईल का, असं आतोबांनी एकदा आत्याला विचारलं. दोन खोल्यांच्या, पहिल्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या घरात आत्यानं खरोखर चारी बाजूंना नजर फिरवून पाहिलं.

लॉरी आली त्या दिवशी आतोबा मला घेऊन गेले. म्हशी चढल्या, रेडा चढला. एर्री फळीपाशी आली आणि तिनं पाय रोवले. दोर ओढला, शेपटी पिळली, मागून दोघांनी ढकललं, ती जागची हलेना. तिला घाम फुटला होता आणि डोळे पूर्वीसारखे फिरायला लागले होते. ड्रायव्हर शिव्या देत होता. कुणीतरी काठी आणली. पैलवानानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि आतोबांकडे बघितलं. तोंडानं म्हणायला त्याला लाज वाटत असावी.

आतोबा उठले. धोतराचा सोगा खोचला. गड्याच्या हातातून दोर घेतला, पण ओढला नाही, तो सैलच राहिला. तिच्या पुढं होऊन ते एकेक पाऊल टाकत फळीवरून लॉरीत चढले, मागं वळूनही न बघता, हळू आवाजात काहीतरी बोलत. आणि ती त्यांच्यामागं चढली. एवढं सोपं होतं ते. आत तिला बांधून ते तिच्या गळ्याखाली उजवा हात धरून तिच्याशेजारी उभे राहिले. तिनं त्यांच्या खांद्यावर मान टाकली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, भोंगा वाजवला, तरी ते उतरेनात. अखेर पैलवानच फळीवर चढला आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "पंतुलू, उतरो. वो लोग को दूर जाना है."

ते उतरले. लॉरीबरोबर आलेल्या मेव्हण्याला गाठून सांगायला लागले, की हिला ओरडायचं नाही, सकाळी हिच्याजवळ थोडा वेळ बसायचं, काहीतरी बोलायचं, कसलंही चालतं. तो हसून हौ हौ म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. लॉरी वळली. फळ्यांच्या फटीतून तांबडा रंग थोडा वेळ दिसला.

स्कूटरवर माझ्यामागं बसून आतोबा घरी आले. उजवा हात त्यांनी सबंध वाटभर छातीशी धरला होता, लागल्यासारखा. घरी आत्यानं पानं घेतली होती. हातपाय धुवून या म्हणाली. ते मोरीपर्यंत गेले. नळ सोडला, पाय धुतले, डावा हात धुतला, आणि पाणी तसंच वाहू देऊन उभे राहिले. मग नळ बंद करून पानावर येऊन बसले. आत्या आयुष्यभराची सोवळ्याओवळ्याची. तिनं त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. फळीवरच्या डब्यातून एक चमचा काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला.